फाटकातला रोबो आणि रामटेकची छत्री

मित्रहो, आज माझ्या मूलभूत हक्कावर गदा आली. तर्री-पोहे खायला निघालो, तर फाटकातच भाचीचा संशोधनातला रोबो अडून बसलेला.

"हटव वं याले."

"हात नका लावू मामा! मोटर तापली हे त्याले स्वतःच समजलं. आता कधी निघायचं तेही त्यालेच ठरवू द्या. अनिश्चित परिस्थितीत तो काय करते, तेच तपासून राहिली मी. हलवला तर माझी चाचणी बाद!"

बाबांची स्कूटर आठवली. एकदा ती रामटेकच्या रस्त्यावर अशीच तापली, तेव्हा भाजी विकणाऱ्या अनोळखी काकूंनी आपली छत्री तिच्यावर धरली होती. स्वतः उन्हात उभ्या राहून.

मी घरातून छत्री आणून रोबोवर धरली.

"मामा, हे काय करून राहिले?"

"हात कुठं लावला? लिही, अनिश्चित परिस्थितीत मामाही येतो."

रोबो आपणहून निघाला. तोवर मी उन्हातच होतो.