आरतीचं ताट

"चढलीय याला. बाहेर काढा," साहेब म्हणाले, आणि सगळ्या मंडळासमोर माझ्या नवऱ्याच्या कानाखाली वाजवली.

चंदीगडच्या मराठी मंडळाचा गणपती होता. आरतीचं ताट आधी मोठ्या साहेबांच्या हाती, मग उतरत्या हुद्द्यानं. आमच्यापर्यंत ते कधी आलंच नाही. माझा नवरा त्याच साहेबांचा ड्रायव्हर. बदलीवर येताना त्यांनी आम्हाला नाशिकहून सोबत आणलं होतं. मी त्यांच्याकडे धुणीभांडी करायचे, राहायला त्यांच्याच बंगल्यामागची खोली. माझा कप वेगळा, मागच्या ओट्यावर पालथा. त्या दिवशी नवऱ्यानं साहेबांच्या हातातून ताट ओढून घेतलं आणि मोठमोठ्यानं गाऊ लागला. चार दिवस तो झोपला नव्हता. दारूचा थेंबही पोटात नव्हता.

बाईसाहेब म्हणाल्या, "शेवटी जात दाखवलीच."

त्याला साहेबांच्या गॅरेजमध्ये नेऊन दोरीनं बांधलं. मी नुसती बघत राहिले. त्याची आजही लाज वाटते. गेल्या थंडीत हाच माणूस महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तेव्हा बाईसाहेब त्याला कामचोर म्हणाल्या. मीही म्हणाले होते.

सकाळी दोरी मीच सोडली. रिक्षात घालून सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या पंजाबी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, थंडीतलंही. म्हणाल्या, "बीबी, ये शराब नहीं, बीमारी है. वो उदासी भी यही बीमारी थी. इसका इलाज है." भरती करून घेतलं. पुढे गोळ्या नेमानं घ्यायच्या, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, रक्त तपासायला येत राहायचं. मी तिथेच रडले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याच्याबद्दल शिवी न घालता बोललं होतं.

नवऱ्याच्या रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कावीळ लिही. वेड लिहिलंस तर इथं मराठी माणसांचं नाक कापलं जाईल."

कावीळ म्हणजे पंधरा दिवस. मग पुन्हा गाडीवर. तपासणीला सुट्टी नाही, गोळ्या लपूनछपून.

"कावीळ झालेली नाही त्यांना," मी म्हणाले. "गाडी देऊ नका. दुसरं काम द्या. पण मी खरं तेच लिहीन."

त्यांनी अर्ज फाडला. "खोली रिकामी करावी लागेल. कळतंय ना?"

कळत होतं. त्या दिवाणखान्यात मी फक्त फरशी पुसायला जायचे. खुर्ची ओढली आणि बसले. तिसरीपर्यंत शिकलेय मी. पिशवीतून वही काढली आणि पुन्हा लिहिलं, नवऱ्याला मनाचा आजार आहे, इस्पितळात इलाज चालू आहे.

"हाही फाडा, साहेब. मी आणखी लिहीन, आणि तो तुमच्या वरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवीन. पण माझ्या माणसाला पुन्हा कुणाची दोरी लागू देणार नाही."