सेफ्टीची फाइल

मी सेंट्रिंगचा ठेकेदार. स्लॅबखाली बल्ल्या उभ्या करायच्या, वर प्लेटा अंथरायच्या आणि काँक्रीट पक्कं झालं की सगळं काढून पुढच्या कामावर न्यायचं, एवढंच माझं काम. मारेगाव-केळापूरकडं कितीतरी घरांचे स्लॅब आमच्या बल्ल्यांवर ओतले गेले, पण कोणी मला कधी कागद मागितला नाही. मग यवतमाळला एका मोठ्या कंपनीचं होस्टेलचं काम मिळालं. गेटवरच सांगितलं, आधी सेफ्टीची फाइल, मग माणसं आत.

बापा, काय ती फाइल! कोणत्या कामात काय धोका, त्यावर उपाय काय, कोणाची तब्येत कशी, हेल्मेट कोणाला दिलं, बेल्ट कोणाला दिला. उंचावरून माणूस पडू शकतो, हेही लिहून द्यायचं. अरे, खालून वर पाहिलं तरी दिसते ना! डोस्कंच फिरलं माझं. पण शनिवारपर्यंत फाइल पास झाली नाही तर काम नागपूरच्या गँगला जाणार होतं, आणि माझ्या गँगची पोरं दुसरीकडचं काम सोडून माझ्यासोबत आली होती. मुकाट्यानं फाइल केली.

तपासायला सेफ्टीच्या मॅडम होत्या. माझ्या पोरीच्या वयाच्या, बोलायला गोड, पण कागदातलं एक अक्षर सोडतील तर शपथ! सकाळी कामाआधी सूचना देतो त्याचा फोटो त्यांना हवा होता. आम्ही गेटबाहेरच झकास काढला. हेल्मेट, जाकीट, बेल्ट, सगळे नवरदेवासारखे सजलेले. मॅडमनी तो मोबाइलवर मोठा करून पाहिला.

"भाऊ, बूट कुठं आहेत?"

बूट मागं ओळीनं ठेवले होते. फोटोआधी कामाचा नारळ फोडला होता, आणि नारळ फोडताना पायात बूट घालून कोण उभं राहते? आमच्या गँगमधले सगळ्यांत जुने मिस्त्री म्हणजे चाचा. पाच वेळचे नमाजी, पण बूट त्यांनीच सगळ्यांच्या आधी काढले होते. झालं, परत फोटो.

मग मॅडमचं बोट एका रकान्यावर थांबलं. अपघात झाला तर कोणाला कळवायचं, त्याचा नंबर.

"सगळ्यांचा एकच नंबर कसा?"

"माहाच आहे मॅडम. कोणाले काही झालं तं मलेच फोन येते. बायकोचं बाळंतपण असो का पोराची अॅडमिशन."

"आणि तुमच्या नावापुढं?"

पाहिलं, तर तिथंही माझाच!

"म्हणजे तुम्ही पडले तर मी तुम्हालाच फोन लावून सांगू, की भाऊ, तुम्ही पडले?"

सगळ्या गँगनं दात काढले. चाचा तर भिंतीला टेकून हसले. मी चिडून एकेकाकडून घरचा नंबर घ्यायला लागलो. चाचा काही देईनात.

"नको लिहू बेटा. मॅडमचा फोन गेला तं तुही चाची घाबरन. बीपी आहे तिले. तूच घरी जाऊन सांगजो. तुह्या तोंडून आयकलं तं धीर धरन."

बाजारातून येताना कोथिंबीर आणजो म्हणावं, इतक्या सहज बोलले. माझ्या डोळ्यांपुढं मात्र त्यांच्या घराचं दार आलं. चाची नेहमीसारखी "ये बेटा, चाय टाकते" म्हणत आत वळलेली, आणि मी उंबऱ्यात उभा. चाचीचा नंबर मला पाठ होता. मी तो गुपचूप लिहून टाकला.

शनिवारी फाइल पास झाली. चाचा सवयीनं सगळ्यांत आधी वर चढले. कमरेला बेल्ट, पण हुक तसाच लोंबत होता. मी खालूनच ओरडलो, "चाचा, हुक लावा!"

"लो! याले बी मॅडमची हवा लागली," ते म्हणाले, आणि पोरं खिदळली.

मी वर गेलो. त्यांचा हुक माझ्या हातानं पाइपाला लावला, ओढून पाहिला.

"हसा लेकहो," मी म्हणालो. "पण चाचा, आत्ताच सांगून ठेवतो. चाचीले मी जाऊन सांगणार नाही. मले थे जमणारच नाही."