साडूंच्या तीन प्रती

उद्या जगबुडी झालीच, तर मानवजातीचं समग्र ज्ञान बंगळुरात, बनशंकरीला, आमच्या साडूंच्या तांदळाच्या डब्यात सापडेल. इंटरनेटवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "आज हाय, उद्या नाही. भरवसा काय त्याचा?" हे त्यांचं निपाणीकडच्या ठसक्यातलं लाडकं वाक्य. सार्वजनिक संकेतस्थळांना मागच्या बाजूनं एक उघडं दार असतं, तिथून संगणकाला आपली आपण माहिती मागून आणता येते. त्याला एपीआय म्हणतात. असं दार दिसलं की साडूंना राहवत नाही. बसची वेळापत्रकं, धरणांची पातळी, ज्या गावी ते जन्मात जाणार नाहीत तिथलं हवामान, सगळं त्यांचा प्रोग्राम रोज पहाटे उतरवून घेतो आणि काम फत्ते झालं की मोबाइलवर देवळातली घंटा वाजवतो. ती ऐकल्याशिवाय साडू कॉफीला तोंड लावत नाहीत. प्रती तीन, तीन डिस्कवर: एक तांदळाच्या डब्यात, एक देव्हाऱ्यामागे, तिसरी सर्जापूर रोडला आमच्या कपाटात. ही तिसरी ताजी करायला ते दर रविवारी बस बदलत बदलत येतात आणि जेवूनच जातात. "अण्णा, हे कधी उघडून बघता का हो?" मी एकदा विचारलं. "बघायला कशाला? ठेवायला हाय ते," म्हणाले, आणि जणू मी लॉकरमधले दागिने घालून भाजी आणायला सांगितलंय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

या पसाऱ्यात घरची अशी एकच गोष्ट होती. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, कितीतरी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारे पक्षी एका हौशी संकेतस्थळावर नोंदवायच्या. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर तेव्हा झाडं होती. आता अपार्टमेंट आहे. पक्षी गेले, अक्कांच्या नोंदी राहिल्या, संकेतस्थळावर आणि साडूंच्या तिन्ही प्रतींत. परवा ते संकेतस्थळच कायमचं बंद पडल्याचं कळलं, तेव्हा अक्कांचा चेहरा उतरला आणि साडूंचा मुलीचं लग्न ठरल्यासारखा खुलला. हयातभर याच दिवसाची वाट पाहिली होती त्यांनी! "तुमच्याकडची पण घेऊन या. स्वल्प कॉफी घ्या, मग गंमत बघा," म्हणून आम्हाला बोलावलं, तांदूळ झटकून डिस्क जोडली. फाइल रिकामी. देव्हाऱ्यामागची रिकामी. आमच्या कपाटातलीसुद्धा.

झालं होतं ते असं, की संकेतस्थळ मरताना 'मी मेलो' म्हणालं नाही. मागेल त्याला सभ्यपणे कोरी यादी देत राहिलं. प्रोग्रामनं ती नेमानं जुन्या नोंदींवर चढवली आणि घंटा वाजवली. रविवारी साडूंनी एवढ्या ट्रॅफिकमधून येऊन ते कोरेपण आमच्याकडेही पोचतं केलं. मी आयटीतला माणूस, मला आधी हसूच फुटलं. मग साडूंकडे लक्ष गेलं. ते अक्कांकडे बघायचं टाळत होते.

"गेलं तर गेलं," अक्का म्हणाल्या. "मला आठवतंय की. सरी, चला, लिहून घ्या."

साडू स्वयंपाकघरातच टाइप करायला बसले. अक्का सांगू लागल्या. शेवग्यावर भारद्वाज यायचा, मान खाली घालून चालायचा, अगदी तुमच्यासारखा. पलीकडं सुगरणींनी घरटी बांधली होती, त्यातलं एक अर्धंच सोडून दिलं. अशा आठवणींचा शास्त्राला काडीचा उपयोग नाही, हे साडूंनाही ठाऊक होतं. थोड्या वेळानं त्यांची बोटं थांबली.

"हे आपल्या खिडकीतनं दिसायचं?"

"रोज," अक्का म्हणाल्या.

साडूंनी खुर्ची खिडकीकडे वळवली. समोरच्या बाल्कनीत कुणाचे तरी टॉवेल वाळत होते.

"पुढं सांग," ते म्हणाले.