नऊ ताऱ्यांचं गाव

गायकवाड मॅडमनी पहिल्या भेटीत मला ना गाव विचारलं, ना आडनाव. पुण्यात हे नवलच. पडद्यावरच्या एका ताऱ्याच्या वर्णपटाकडे बोट दाखवून मात्र म्हणाल्या, "याचं गाव कुठलं, सांगा बघू." मग स्वतःच पुढे म्हणाल्या, "माणसांना गाव विचारू नये, लोक त्यावरून भलतंच ताडतात. ताऱ्यांना विचारावं."

ताऱ्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेघांवरून त्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते कळतं आणि त्यावरून तो कुठे जन्मला याचा अंदाज येतो. एकत्र फिरणाऱ्या नऊ ताऱ्यांत मॅडमना बेरियम जास्त आढळलं होतं. आपल्या आकाशगंगेने कधीकाळी गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेतून ते आले, असा त्यांचा निष्कर्ष. जगभर त्या ओळखल्या जात त्या याच कामामुळे. माझी पीएच.डी.ही त्यावरच उभी होती.

प्रत्येक रेघ विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी तपासायची, संगणकावर सोडायची नाही, हा त्यांचा नियम. आम्ही मनातून वैतागायचो. त्यांच्या निवृत्तीला महिना उरला असताना मी सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेले दोन वर्णपट शेजारी ठेवून पाहत होते. पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यामुळे ताऱ्याच्या सगळ्या रेघा किंचित सरकल्या होत्या. बेरियमच्या रेघेचा एक तुकडा मात्र जागचा हलला नव्हता. तो ताऱ्याचा नव्हताच, आपल्याच हवेतल्या वाफेचा होता. नऊही ताऱ्यांत तेच. म्हणजे त्यांच्यात बेरियम जास्त नव्हतंच आणि मॅडमचा निष्कर्षच चुकला होता.

आठ दिवस मी तोंड उघडलं नाही. भीती नव्हती, मला त्यांच्यासाठी वाईट वाटत होतं. शेवटी कागद समोर ठेवले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"कधी सापडलं?"

"आठ दिवस झाले, मॅडम."

"मग आठ दिवस मला खोटं का बोलू दिलंत? परवाच कॉलेजच्या मुलांना हेच शिकवून आले मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निरोप समारंभात शाल-श्रीफळ झाल्यावर त्यांनी तेच दोन वर्णपट पडद्यावर लावले. "चूक माझी, शोध यांचा. या नऊ जणांचं गाव मला ठाऊक नाही." एवढं बोलून बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

गेल्या वर्षी त्या गेल्या. त्याआधी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्यांच्या घरी त्यांना भेटले होते. उशीला टेकून बसल्या होत्या.

"आपल्या नऊंचं काही कळलं?"

थोडी आशा दाखवावी असं फार वाटलं. पण म्हटलं, "हो मॅडम. आपल्याच आकाशगंगेचे आहेत. चारचौघांसारखे."

"लगेच सांगितलंत," त्या म्हणाल्या आणि हसल्या.