शपथेचा दाणा

विष्णुपंत शिरस्तेदार साक्षीदाराच्या हाती गंगाजळाचा तांब्या देण्याआधी एक प्रश्न हमखास विचारत. "तुझा देव कोणता?" जव्हार संस्थानच्या कचेरीत मी नवा कारकून म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हे ऐकलं आणि मला हसू आवरेना. नाशकात शिकून आलो होतो, देवधर्म चुलीत गेला असं उघड म्हणत होतो. त्यात पंत कडक सोवळ्यातले. कचेरीतून घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय पाण्याला शिवायचे नाहीत. असा माणूस रानातल्या वारली माणसाला त्याचा देव विचारतो, म्हणजे नाटकच, असं मी ठरवून टाकलं.

भाद्रपदात लहान्या नावाच्या वारली शेतकऱ्याचा खटला उभा राहिला. राखीव रानातला साग तोडल्याचा आरोप होता आणि जंगल रखवालदाराने गंगाजळ हातात घेऊन 'मी डोळ्यांनी पाहिलं' असं सांगितलं होतं. कपाळावर ठसठशीत गंध, आवाज खणखणीत. शिक्षा झाली तर लहान्या सहा महिने आत जाणार होता. शेतात भात उभं, घरी बायको एकटी, मूल अंगावर पिणारं. त्याच्या बाजूने एकच साक्षीदार होता, जामसर गावाकडचा वारली म्हातारा शिडवा.

शिडव्याने तांब्यासाठी मुकाट्याने हात पुढे केला. पंतांनी तांब्या मागे घेतला आणि आपला प्रश्न विचारला.

"कणसरी, दान्याची माय," शिडवा म्हणाला. "दाना मुठीत घेवला का आमी खोटा नाय बोलत."

"आणि हे गंगाजळ?"

"तो तुमचा देव. सायेब सांगल त घेतू."

न्यायाधीश कंटाळले होते, पण पंतांचा मान राखून त्यांनी दाण्याला परवानगी दिली. मला समोरच्या दुकानात पिटाळलं. देवाचं काम म्हणून मी मुद्दाम ताजा, नुकताच कांडलेला, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा तांदूळ निवडून आणला. माझ्या मते ही माझी मोठीच उदारता होती.

ताट पाहताच शिडव्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तो भिंतीपर्यंत सरकला.

"बघा," न्यायाधीश म्हणाले. "स्वतःच्या देवावरही खोटं बोलायची हिंमत होत नाही." त्यांनी टाक उचलला. लहान्या खाली बसला. मलाही वाटलं, झालं, म्हातारा उघडा पडला.

पंतांनी चार दाणे तळहातावर चोळून हुंगले. मग शिडव्याजवळ जाऊन हळू विचारलं, "नवा आहे म्हणून का रे?"

"व्हय. नवा दाना अजून देवाला नाय दिला. देव खायल, मंग आमी शिवू." म्हाताऱ्याने हात जोडले. "जुना द्या, बापा. जुना द्या."

पंतांनी न्यायाधीशांकडे अर्धा तास मागितला आणि भर उन्हात स्वतः घरी गेले. उपरण्याच्या टोकाला गाठ मारून मूठभर गेल्या सालचे नागलीचे दाणे घेऊन आले. शिडव्याने मूठ मिटली आणि सांगितलं, साग तुटला म्हणतात त्या दिवशी लहान्या सकाळपासून अंधार पडेपर्यंत शिडव्याचं घर गवतानं शाकारत होता. कुणी पेंढ्या वर दिल्या, जेवायला काय होतं, सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी रखवालदाराला पुन्हा उभं करून खोदून विचारलं, तेव्हा तो अडखळला. त्या दिवशी तो त्या रानात गेलाच नव्हता. लहान्या सुटला.

संध्याकाळी मी पंतांना टोमणा मारला. "गंगाजळ घेऊन धडधडीत खोटं! भाविकांचं हे असंच."

पंत चिडले नाहीत. "रखवालदार खोटा निघाला. त्यापायी गंगेला कशाला पिंजऱ्यात उभं करता? उद्या एखादा दाणा घेऊनही खोटं बोलेल, तेव्हा शिडव्याला खोटा म्हणाल? माणूस एकेक करून तपासावा, कारकून."

"आणि मला तर देवच नाही," मी म्हणालो. "माझ्या हातात काय द्याल?"

"काही देणार नाही. नीट विचारीन आणि नीट ऐकेन. देव नाही म्हणून तुमचा शब्द हलका धरायचा की काय?"

मी त्यांचा शब्द त्यांच्या सोवळ्यामुळे पहिल्या दिवसापासून हलका धरत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

पंत काही संत नव्हते. शिडव्याच्या हातचं पाणी ते कधी प्याले नाहीत. ते मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं.

काही वर्षांनी पंत तापाने गेले. दिवस झाल्यावर मी त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो, तर अंगणाच्या कडेला शिडवा उभा. अगदी वाकला होता. हातात पळसाच्या पानांची पुडी. ती त्याने लगेच पुढे केली नाही. आधी काकूंना विचारलं, "जुनीच नागली आहे, माय. तुमच्यात मेल्या मानसाच्या नावानं असा दाना दिलेला चालतो का?"

सोवळ्यातल्या काकू पायरी उतरून खाली आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला.