मोटार आल्यापासूनचे गुरुवार

मैत्रिणींनो, आत्ताच अकोल्याहून अमरावतीला घरी परतले.

दर गुरुवारी मी एकटी एसटीने अकोल्याला आईकडे जायची. घरी मोटार आली आणि हे म्हणाले, “वकिलाची बायको आता एसटीत बसणार?” मग यांना सवड होईना. पाच महिने गेले.

आज यांचं अकोल्याला कोर्टात काम होतं, म्हणून मला नेलं. आईच्या दाराला कुलूप होतं. शेजारची चाची म्हणाली, “तुयी माय स्टँडवर गेली. दर गुरुवारी जाते. तुले मालूम नाही?”

स्टँडवर गेले, तर अमरावतीच्या गाडीतून उतरणाऱ्या बायकांचे चेहरे आई निरखत होती. मला पाहून म्हणाली, “मोटार जावयाची हाय, पोरी. एसटी तं रोजच येते.”

पुढच्या गुरुवारी एसटीने येते, असं तिला सांगून आले. यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही कसं सांगितलं असतं?