चिपेचा वास

गोंडपिपरीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं युद्ध माझ्या टेबलावर चालू होतं: मोबाइलच्या चिपा बनवणाऱ्या कंपन्यांचं. एकीने अशी तयार चिप काढली की दोन सिम, कॅमेरा, रेडिओ, सगळं त्या एका तुकड्यावर. चार स्क्रू आवळता येणारा कोणीही फोन बनवू लागला. स्पीकर तर असा, की इथे गाणं लावलं की मोहर्लीच्या जंगलातले वाघ पाणवठा बदलत. मग दुसरीने त्याहून स्वस्त चिप आणली आणि फोन बनवणारे तिकडे पळाले. पण डबा तोच! दोन लाल फोन जुळ्या भावांसारखे, पोटात मात्र वैरी चिपा. एकीचं सॉफ्टवेअर दुसरीत टाकलं की फोन ठार.

म्हणून मेकॅनिक आधी फोन उघडून चिपेवरचं नाव वाचायचा. मीही वाचायचो, पण गिऱ्हाईक पान थुंकायला बाहेर गेलं की. ते परत आलं, की बंद फोन नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि कंपनी सांगायची. माझं नाक तालुक्यात गाजलं होतं.

एकदा तळ्यावर मासे मारणारा एक ढिवर आला. फोन त्याच्या हातून पाण्यात पडलेला. त्याने तो मासळीच्या चटईवर, मासळीच्याच रांगेत, तीन दिवस उन्हात सुकवला होता. त्याच्या घरी ओलं सुकवायची तीच रीत. फोन चालू होई, पण पहिल्या चित्रावरच अडून बसे.

"बाबू, आजच्या आज चालू कर. पोरीले पाहून गेले, पोरगी हो म्हणते. आज सांगतलं नाई तर ते लोक दुसरीकडं जातेत. त्यायचा नंबर ह्याच्यातच हाये."

बाकावरचा शेजारचा शिंपी ओरडला, "घे वास, भाऊ! पाहू दे आमाले!"

मी घेतला. नुसती सुकी मासळी! पण चार माणसं बघत होती. दिलं एका कंपनीचं नाव ठोकून, टाकलं तिचं सॉफ्टवेअर. फोन काळाठिक्कर. घामाघूम होऊन उघडला, तर आत दुसरीची चिप. तासाभराच्या खटपटीने फोन जिवंत झाला, पण कोरा. आधी नाव वाचलं असतं, तर नंबर काढून ठेवता आले असते.

"भाऊ, नाकबिक खोटं आहे," मी म्हणालो. "मी चोरून वाचतो. तुमचा नंबर मी घालवला."

शिंपी हसायचं विसरला. ढिवर मात्र त्यातच सिम घालून बाकावर बसला. "लागन त्यायले गरज तर करतीन फोन." पण मिनिटामिनिटाला फोन कानाला लावून पाहत होता. मी त्या दिवशी दुसरं कामच घेतलं नाही.

दिवस कलताना फोन वाजला. स्पीकर तो, अख्ख्या चौकाने ऐकलं: "काऊन जी, तीन दिवस फोन बंद? नाई म्हणता का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"नाई जी, फोन पाण्यात पडला होता. म्याच पाडला. पोरगी हो म्हणते."

माझ्या नाकाचं नावही काढलं नाही. लग्नात मात्र पंगतीत वाढप्याला हाक मारली, "थांब रे, त्या भाऊले आधी रश्श्याचा वास घेऊ दे! कोन्त्या तळ्याची मासळी, ते सांगते तो!"